खुशालरावांच्या माशांना देवी

अमेरिकेत लढाई जुंपली, वऱ्हाडचा कापूस सोन्याच्या भावाने विलायतेला जाऊ लागला, आणि अकोटजवळच्या खुशालरावांना पैशाचं काय करावं ते सुचेना. दुसऱ्यांनी शेतं घेतली, यांनी मासे घेतले. अमरावतीहून मायदेशी निघालेल्या एका गोऱ्या व्यापाऱ्याकडून काचेची मोठी पेटी, समुद्राचं पाणी आणि सात रंगीत मासे. गावात कोणी समुद्र पाहिलेला नव्हता, त्यामुळे खुशालराव सांगतील तो समुद्र.

त्याच आठवड्यात घरात सून आली, अंजनगाव सुर्जीची सुभद्रा. महिन्याने मुंबईहून पिंपातून आणखी दोन मासे आले. ते पेटीत सोडले, आणि आठ दिवसांत सगळ्यांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उठले. दोष कुणाचा, ते खुशालरावांनी लगेच ओळखलं.

"पांढऱ्या पायाची आणली," सून ऐकेल अशा बेताने ते म्हणाले. "एक जरी मासा मेला, तं गाडी जुंपतो आन् हिले अंजनगावले पोचवतो. कायमची."

नवरा पंजाबराव शेजारीच होता. त्याने मान हलवली. बापापुढे त्या मानेला दुसरं काम नव्हतं.

अकोल्याहून मोरोपंत वैद्य आले. माशाची नाडी सापडेना, म्हणून त्यांनी खुशालरावांचीच धरली आणि डोळे मिटून सांगितलं, "माशांना देवी आल्या आहेत. औषध म्हणून काही द्यायचं नाही. कोप होईल."

मग काय विचारता! दाराला कडुलिंबाचे डहाळे लागले. देवीला चालत नाही म्हणून घरात फोडणी बंद झाली. माणसं पेटीसमोर अनवाणी उभी राहू लागली. रोज पहाटे गावाबाहेरच्या देवीवर घागरभर पाणी घालायचं काम सुभद्रेकडे आलं. मागच्या पंधरवड्यात ती स्वतः तापाने फणफणली होती, तेव्हा या घराने तिच्यासाठी एक फोडणीसुद्धा चुकवली नव्हती.

तिला राग आला होता, आणि राग आला की तिला नीट दिसायचं. मासे दगडाला अंग घासत होते. ठिपके गळत होते आणि काही दिवसांनी दुप्पट उठत होते. देवीच्या फोडांची ही रीत नव्हे, ही गोचिडाची. गोचीड बैलाचं रक्त पिऊन गळतं, गोठ्यात अंडी घालतं आणि पिल्लं पुन्हा बैलावर चढतात. माहेरी बैलाला तंबाखूच्या पाण्याने धूत. बैलाला ते सोसायचं, गोचिडाला नाही. मग या समुद्राच्या गोचिडाला काय सोसणार नाही? खारेपण कमी झालेलं? एकदम गोडं पाणी ओतलं तर मासेही जातील. पण अंगणातली विहीर मचूळ होती, ना धड खारी, ना धड गोडी. सगळं घर त्या विहिरीला शिव्या घालायचं.

दुसऱ्या पहाटेपासून सुभद्रा पेटीतून एक घागर काढायची, विहिरीची एक घागर हळूहळू पेटीत सोडायची आणि काढलेला समुद्र देवीवर ओतून यायची. पाणी बोटाने चाखायची. खारेपण निम्म्यावर आलं तेव्हा ती थांबली. पुढच्या महिनाभरात ठिपके गळाले, ते पुन्हा उठले नाहीत. नऊच्या नऊ मासे वाचले.

खुशालराव वाजतगाजत देवीला गेले. देवीच्या दगडावर पांढरा थर सुकला होता. त्यांनी जिभेला लावून पाहिला, तर खारट. "माशाईसाठी देवीले घाम फुटला," असं म्हणत ते रडले. देवीला लुगडं, मोरोपंतांना शाल.

घरी येऊन त्यांनी मोठ्या मनाने सुनेला सांगितलं, "देवीनं तुले वाचवलं, पोरी. आता नाही जुंपत गाडी."

"जुंपा, मामाजी," सुभद्रा म्हणाली. तिचं गाठोडं दारात तयार होतं. "मासे मेले असते तं मी वाईट, जगले तं देवी चांगली. अशा घरात मले नाही राहाचं."

खुशालरावांना खरी चिंता आठवली. "मंग देवीले पाणी कोन घालन?"

"तुमच्या पोराले सांगा. मान हलवते, तं घागरही हलवन."

आणि ती गाडीत जाऊन बसली.