कणेबाबाचा उडता बांगडा

बस असा इकडे, चहा घे. मेलेला बांगडा उड्या मारत होता, त्याची गोष्ट सांगतो तुला.

साल दोन हजार चार. मिरकरवाड्याच्या धक्क्यावर ही गर्दी. मधोमध कणेबाबा, पुढ्यात परात, परातीत मुंडकं उडवलेला बांगडा. बाबाचा हट्ट असा, की मासा होडीतून थेट हवा, बर्फातला चालायचा नाय. रोग्याच्या कण्यावरून हात फिरवायचा, माशावर अंगारा टाकायचा, की बांगडा फडफड फडफड.

"दुखणं माशात उतरलं," बाबा म्हणायचा. मग तो मासा मांजरं खायची.

"तर मांजराची कंबर कशी धरत नाय?" होडीवाल्या केरूनं विचारलं.

"मांजराचा कणा लवचिक. दुखणं घसरतं."

सगळ्यांच्या माना डोलल्या.

केरूची बायको कमळा पुढ्यातच बसलेली. मासे कापताना तिचा तळवा चिरला होता. जखम भरून सहा महिने झाले, तरी नुसता पदर घासला की हात पेटायचा. सासू म्हणायची, "कामचुकारपणा नुसता." बाबा तेवढा म्हणाला, "खोटं नाय गो. तुझ्या कण्यात भूत बसलंय." कोणीतरी खरं मानलं, याचंच तिला रडू आलं. म्हणून तर तीन बांगडे उडूनही हात तसाच राहिला आणि बाबानं पाठीला डाग द्यायचं काढलं, तेव्हा तिनं मुकाट पाठ पुढे केली.

सळई निखाऱ्यात लाल झाली. तेवढ्यात मासळी घ्यायला आलेली डॉक्टर सुनेत्रा गर्दीत घुसली. चिमूटभर अंगारा जिभेवर ठेवून म्हणाली, "हे मीठ आहे. केरू, होडीतला बांगडा आण. मुंडकं काढ आणि घरचं मीठ टाक."

बांगडा असा उडाला, तो थेट बाबाच्या मांडीवर.

"आता हे दुखणं कोणाचं उतरलं? मला तर काही दुखत नाही," सुनेत्रा म्हणाली.

"तुमच्या गेल्या जन्माचं, बाई," बाबा म्हणाला आणि परात काखेत मारून चालता झाला.

"ताज्या माशाचं मांस मीठ लागलं की आखडतं," डॉक्टरीण म्हणाली. "तुम्ही मीठ लावता ते गार पडलेल्या माशाला. म्हणून कधी दिसलं नाही."

कमळा रडवेली झाली. "म्हंजे माझं दुखणं पण खोटं?"

"नाही गं. कण्याचं तेवढं तो चुकून बरोबर बोलला. कण्यात निरोप नेणाऱ्या नसा असतात, आणि त्या नसांना सांभाळणाऱ्या वेगळ्या पेशी. लिलावात पुकारणारा एक आणि भोवती ओरडणारे दहा, तसं. जखम झाली की त्या पेशी आवाज वाढवतात, राखण म्हणून. कधी कधी जखम भरली, मासळी विकून संपली, तरी त्या गप्प बसत नाहीत. डाग घेतलास तर आणखी चेकाळतील. गोळ्या आहेत, हाताचा व्यायाम आहे. वेळ लागेल. उद्या दवाखान्यात ये."

कमळा दवाखान्यात गेली. वर्षभरानं हाताची आग निम्मी झाली. निम्मीच, पण खरी.

आपण दुखणं खोटं ठरवतो, म्हणून माणसं बाबाकडे जातात. तर एवढं कर. तुझ्या घरात जखम भरल्यावरही कोणी दुखतंय म्हणालं, तर आधी ते खरं मान, आणि मग त्याला डॉक्टरकडे ने.