थोरलीचं तोंड

तात्यांना माणसांच्या तोंडांचा कंटाळा आला होता. जिवंत तोंडांचा नव्हे. ती बिचारी आपापल्या उद्योगाला लागलेली असतात. कंटाळा होता तो मेलेल्यांचा. मंगळवार पेठेतल्या माडीवर, खिडकीपाशी बैठं मेज टाकून, तात्या वर्षानुवर्षं मेलेल्यांची चित्रं काढत आले होते आणि मेलेली माणसं काही संपायचं नाव घेत नव्हती. संस्थान विलीन झालं, राजाचं राज्य जाऊन मुंबई सरकार आलं, पण घरात कुणी गेलं की गावाकडची मंडळी चुरगळलेला फोटो फडक्यात गुंडाळून जिना चढायची ती चढायचीच. फोटोत माणूस चिंचोक्याएवढा. तो तात्यांनी पेन्सिलीनं हातभर करायचा, "जरा उजळ घ्या मास्तर" म्हटलं की उजळ घ्यायचा, आणि बाई असेल तर जन्मात कधी अंगाला न लागलेला चंद्रहार तिच्या गळ्यात घालायचा. जिवंतपणी घातला नाही तो नाही, मेल्यावर पेन्सिलीचा तरी घाला!

तात्या घालायचे. कागदाच्या गुंडाळीनं शिसं घासघासून सगळं तुळतुळीत करून द्यायचे. गावोगावच्या भिंतींवरची त्यांची माणसं एकाच साबणानं धुतल्यासारखी दिसत आणि लोक म्हणत, "काय हात आहे!" हात होता खरा, पण आताशा तो दुखायचा. शाळेतली चित्रकलेची नोकरी सोडून ज्या हौसेनं हा धंदा धरला होता, ती हौस कधी आटली ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

त्या वर्षी गुऱ्हाळं सुरू झाली तशी कोडोलीहून तिघं आली. पुढं धोंडुबाई, ठसठशीत कुंकवाची, आवाजानंच अर्धी माडी भरून टाकणारी. मागं तिचा मुलगा जोतीराम, आईच्या पदराआड मावण्यासारखा नव्हता तरी मावलेला. आणि सगळ्यांत मागं त्याची बायको चिमणा.

"थोरल्या सुनंचं चित्र काडायचं हाय," धोंडुबाई बसता बसता म्हणाली.

"फोटो द्या."

"फोटू कुटला? फोटू काडलाच न्हवता कवा."

"मग मी काय बघून काढू, बाई?"

"ही हाय की!" धोंडुबाईनं चिमणाला दंडाला धरून पुढं ओढलं. "सख्खी भन हाय तिची. एक झाकावी न् दुसरी काडावी. हिला बगा न् काडा."

हकीकत अशी होती. थोरली शालू लग्नानंतर दोन वर्षांत तापानं गेली, आणि तिच्या जागी धाकटी त्याच घरात दिली गेली. रीतीप्रमाणं चिमणाच्या गळ्यात सवतीचा टाक होता, रुपयाएवढ्या चांदीच्या पत्र्यावर ठोकलेली एक बाई, म्हणजे तिची थोरली बहीण. नवं लुगडं नेसायचं तर आधी त्या टाकाला दाखवून मग नेसायचं. तरीही चिमणाला दोनदा दिवस गेले आणि दोनदा वाया गेलं. तेव्हा भगतानं सांगितलं, थोरलीचं मन भरलेलं नाही, टाकावर भागायचं नाही; तिचं तोंड भिंतीवर लावा आणि दर अवसेला हार घाला.

तात्यांनी असली कामं आधीही केली होती. भावाचं कपाळ, लेकाची हनुवटी, मावशीचं नाक, असं उसनंपासनं करून त्यांनी कितीतरी माणसं उभी केली होती. हो म्हणायलासुद्धा ताकद लागते आणि नाही म्हणायला त्याहून जास्त. म्हणून ते हो म्हणाले.

जोतीराम गुळाची गाडी घेऊन बाजाराला यायचा, तेव्हा दोघी बायकांना माडीवर सोडून जायचा. चिमणा खिडकीकडे तोंड करून बसायची आणि धोंडुबाई शेजारी बसून कारभार बघायची. "नाक जरा सरळ घ्या. डोळं मोटं करा. रंग उजळ घ्या." तात्या घ्यायचे. चिमणा हूं की चूं करत नव्हती. एवढी तरणी पोर, पण तिच्या बसण्यात दिवसभर रानात तण काढून, भांगलून आलेल्या बाईचा शीण होता. तात्यांना ते ओळखीचं वाटायचं.

एके दिवशी जोतीराम वर येऊन बसला. तात्यांनी सहज विचारलं, "कपाळ असंच होतं ना?"

"व्हय."

तात्यांनी रेघ खाली ओढली. "की असं?"

"व्हय व्हय, आसंच."

"आणि तुमच्या आई तीळ होता म्हणाल्या होत्या, तो कुठल्या गालावर?"

जोतीरामनं आईकडं बघितलं. "डाव्या," धोंडुबाई म्हणाली. मागच्या खेपेला तिनंच उजव्या सांगितला होता.

तात्यांच्या लक्षात आलं. ह्या माणसाला पहिल्या बायकोचं तोंड आठवत नव्हतं, कारण त्यानं ते धड बघितलंच नव्हतं. माणूस वाईट नव्हता. पण दिवसा ती चुलीपुढं, पदर नाकापर्यंत. वडीलधाऱ्यांसमोर बायकोकडं नजर टाकायची सोय नाही. आणि रात्री कंदील बारीक केलेला. दोन वर्षं एका घरात राहून त्याला ठाऊक होता तो एक आवाज आणि एक पाठ. बरं, हे कबूल तरी कसं करणार? म्हणून तो सगळ्याला व्हय म्हणत होता.

हे कळूनही तात्यांनी चित्र पुरं करत आणलं. त्यांची बायको कालिंदीबाई चहा घेऊन आली आणि खांद्यावरून डोकावली.

"अहो, ही तर समोर बसते तीच," पाहुणे गेल्यावर ती म्हणाली. "शेंडीपासून नखापर्यंत तीच. हिला हार घालणार आहेत? जित्या बाईला?"

"लोकांना हवं ते मी देतो."

"ते माहीत आहे मला. म्हणून तर घरात दिवसेंदिवस तोंड पाडून बसता."

तात्यांनी पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. पण पुढच्या खेपेला धोंडुबाई अंबाबाईच्या दर्शनाला गेली, कालिंदीबाई दारात तांदूळ निवडत बसली, तेव्हा त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"पोरी, थोरली खरंच तुझ्यासारखी होती?"

चिमणानं बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "न्हाय."

"थोडीफार तरी?"

"कनभर बी न्हाय."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"इचारलं कुनी?"

कालिंदीबाईचा सुपातला हात थांबला.

एकदा बोलायला लागल्यावर मात्र चिमणा थांबेना. थोरली तिच्यापेक्षा काळी होती. कपाळ अरुंद, भुवया जुळलेल्या. वरचा ओठ आखूड, म्हणून दात झाकायला तो ओढून धरायची सवय. शेवटच्या दुखण्यात, साधा ताप आहे असा निरोप धाडून, चिमणाला हाताखाली कोडोलीला बोलावून घेतलं होतं. त्या पावसाळ्यात कृष्णेला पूर आला, त्यांचं माहेर शिरोळ पाण्यात गेलं आणि त्यांची आई, आक्का, पलीकडंच अडकली.

"आक्का आली तवा राख बी सावडून झालती. शेवटचं तोंड मीच बगितलंय. आता दर खेपंला हितं बसून ह्ये चित्र बगती न् तिचं तोंड इसरत चाललीया मास्तर. डोळं मिटलं की मीच दिसती."

तात्या खूप दिवसांनी ताठ बसले. कागदाची गुंडाळी त्यांनी खिडकीत टाकून दिली, नवा कागद लावला आणि कडक शिशाच्या पेन्सिलीला सुईसारखं टोक काढलं.

घासून गुळगुळीत केलेलं कातडं कातडं दिसत नाही, हे त्यांना शाळेत पोरांना शिकवतानाही ठाऊक होतं. धंद्यात पडल्यावर विसरायला झालं होतं. आता त्यांनी दाबून काळं करणं सोडलं. हलक्या हातानं रेघांचा एक थर, त्यावर आडवा दुसरा, मग तिरपा तिसरा, आणि मधूनमधून कागदाचा खरखरीत रवा दिसू दिला. काळी म्हटली तर काळीच काढली. आणि काय गंमत, काळ्या रंगात उजेड जास्त खुलला. गालाच्या हाडावर त्यांनी कागद नुसता कोरा सोडला, तर तिथं खिडकीतलं ऊन येऊन बसलं. बाकी उजळ, उजळ करत त्यांनी आयुष्यभर ते ऊन पुसून टाकलं होतं. त्यांना स्वतःचाच राग आला.

"भिवया आजून जाड," चिमणा सांगायची. "व्हट न्हाय आसा. हां, आसा. गाल आत गेल्यालं हुतं. लई आत. डोळ्याखाली खड्डं."

तात्या गालाच्या खोलगटात एकेक बारीक रेघ बसवत जायचे. खांदा भरून यायचा, डोळ्यांना धार लागायची. धोंडुबाई देवळात जायची तेवढाच वेळ हे चालायचं, ती आली की कागद मेजाखाली. असं करत थंडी सरली. एका सकाळी त्यांनी वरच्या ओठाखाली सावलीची शेवटची रेघ ओढली आणि चिमणानं पदर तोंडाशी नेला.

"व्हय," ती म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून बसली.

चित्र न्यायच्या दिवशी तात्यांनी दोन्ही कागद मेजावर मांडले. त्यांना वाटत होतं, बघताक्षणी ओळख पटेल. थकल्या माणसाला अशी एखादी आशा फार लवकर चढते.

"ही कोन बया?" धोंडुबाई म्हणाली.

"तुमची थोरली सून."

"मास्तर, डोकं ठिकान्यावर हाय न्हवं? ही काळीबेंद्री, हाडाची काडं झाल्याली! आमच्या घरात खायाला न्हवतं व्हय?"

जोतीराम चित्राकडं बघत राहिला. बघता बघता त्याच्या कपाळाला आठी पडली, ओठ हलल्यासारखे झाले. पण त्यानं आईकडं बघितलं आणि म्हणाला, "ही न्हवं वाटतं."

"तू सांग," तात्या चिमणाला म्हणाले. आवाज जरा चढलाच.

चिमणानं दोन्ही कागद बघितले. मग थोरलीच्या चित्रावर बोट ठेवून म्हणाली, "ही न्हवं." आणि स्वतःचं तोंड काढलेल्या कागदाकडं बोट केलं, "ही हाय ती."

तात्यांना असा संताप आला की त्यांनी तो गुळगुळीत कागद कसातरी गुंडाळून जोतीरामच्या हातात दिला. मायलेक जिना उतरले. चिमणा शिदोरीचं गाठोडं उचलायला मागं राहिली.

"रागावू नगासा," ती हळूच म्हणाली. "त्या भिंतीवर तिला नगं. जित्तेपनी त्या घरात कुनी तिच्याकडं बगितलं न्हाय. आता अवसंला हार घालनार, त्ये बी भ्यालेत म्हनून. माजंच तोंड ऱ्हाऊ दे तितं, मला सवय हाय."

"अगं, पण हार तुला पडणार!"

"पडू दे की. हाराचं वजन किती आसतंय?" तिनं गाठोडं काखेत मारलं. "चैतात आक्का जोतिबाला येती. तिला हिकडं धाडती. ही तिला द्या. तिनं शेवटी बगितलंच न्हाय."

खालून धोंडुबाईची हाक आली आणि ती गेली.

चैत्राची पुनव झाली. दोन दिवसांनी एक उंच, वाळकी म्हातारी गुलालानं माखलेलं लुगडं सावरत जिना चढून आली. "मास्तर हितंच ऱ्हात्यात न्हवं? मी शिरोळची आक्का. माज्या लेकीनं सांगावा धाडलाता." कालिंदीबाईनं तिला पाणी दिलं, गूळ दिला. तात्यांचं मन कचरत होतं. आईला हे दाखवायचं? ह्याहून चंद्रहार बरा होता. पण शब्द दिला होता. त्यांनी चित्रावरचं फडकं काढलं.

म्हाताऱ्या बाईनं एक क्षणही घेतला नाही.

"शाले," ती म्हणाली, परसातून हाक मारतात तशी.

ती रडली नाही. गुलालाचे हात तिनं लुगड्याला पुसले, पुन्हा पुसले, पण कागदाला लावले नाहीत. नुसती वाकून बघत राहिली. भुवया बघितल्या, ओठ बघितला, आणि मग तिची नजर खाली आली ती तिथंच राहिली.

"मास्तर, हिचं गाल कुटं गेलं?"

तात्यांनी कालिंदीबाईकडं बघितलं. तीही खाली बघत होती.

"धाकटी म्हणाली, शेवटी असे झाले होते."

"मला कुनी बोललं न्हाय. म्हनले, ताप आला न् गेली." म्हातारी मेजापाशी खाली बसली. "तापानं दोन दिसात एवडं जात्यात व्हय गाल? लई दिस लागत्यात ह्याला."

खाली रस्त्यावरून जोतिबाहून परतणाऱ्या गाड्या जात होत्या.

"तेवडं गाल भरून द्या की," ती म्हणाली.

"बाई, ह्या एवढ्याशा जागेसाठी मी महिनाभर डोळे फोडलेत. हेच खरं आहे. आयुष्यात एवढं एकच खरं काढलंय मी."

"खरं हाय, म्हनून तर म्हनती. मी पोचली आसती तर भरलं आसतं."

तात्या कागदाकडं बघत राहिले. थकवा पायांपासून वर चढत होता. मग त्यांनी मेज ओढून घेतलं, खोडरबराला चाकूनं टोक केलं आणि डाव्या गालाच्या खोलगटातली एकेक रेघ उचलायला सुरुवात केली. गडद होतं ते फिकं होत गेलं, फिक्यावर पुन्हा हलके थर दिले, आणि गाल केसभर वर आला. आक्का त्यांच्या कोपराला टेकून, पापणी न लवू देता बघत होती.

"बास?" बऱ्याच वेळानं तात्यांनी विचारलं.

"आनी जरासं," ती म्हणाली.