गंगव्वाच्या दुकानाचा मेटा टॅग

मी मेटा टॅग बोलतोय. अहो, दचकू नका! आपली रोज गाठ पडते. मोबाइलवर तुम्ही काही शोधलंत की उत्तरांची रांग लागते आणि प्रत्येक नावाखाली बारीक अक्षरांत दोन ओळी दिसतात. त्या ओळी पुष्कळदा मी पुरवलेल्या असतात. तुम्ही त्या वाचता, नावावर बोट टेकवता आणि आत जाता. माझी साधी चौकशीसुद्धा करत नाही. चालायचंच.

माझं घर म्हणजे एक वेबपान. तुम्हाला दिसतं ते पान, आणि मी असतो त्याच्या पडद्याआड. बेंगळुरूला चामराजपेटेत गंगव्वाचं मुंडावळ्यांचं दुकान आहे, त्याचं हे पान. नवरा-नवरीच्या कपाळाचं माप घ्यायचं, मोती निवडायचे, मुंडावळ्या ओवायच्या आणि कानडी लग्न असेल तर बाशिंग करून द्यायचं, यात गंगव्वाचा जन्म गेला. बाई मूळची निपाणीकडची. एका वाक्यात मराठी, दुसऱ्यात कानडी आणि रागावली की दोन्ही!

मार्केटच्या रस्त्यावरची दुकानाची जुनी इमारत पाडायला काढली, तेव्हा तिचं दुकान मागच्या गल्लीत, घराच्या पुढच्या खोलीत आलं. जुनी गिऱ्हाइकं बंद शटर बघून परत जाऊ लागली. गंगव्वाचा मुलगा महांतेश शहराबाहेर, लांब होसकोट्याच्या कारखान्यात यंत्रं सांभाळतो. रोजच्या जाण्यायेण्यानं त्याचा जीव मेटाकुटीला आलेला.

"अव्वा, पुरे आता," तो म्हणाला. "आपण सगळेच होसकोट्याला राहायला जाऊ. तू आराम कर."

"आराम करून काय करू? भिंती मोजू?" गंगव्वा म्हणाली.

शेवटी मायलेकांचं ठरलं. तुळशीच्या लग्नापर्यंत गिऱ्हाईक यायला लागलं तर दुकान राहील, नाहीतर सामानाची बांधाबांध.

तेव्हा पदर खोचून पुढे आली ती प्रणिता, महांतेशची बायको. ही पुण्याची, पण सासूला इथल्यासारखं 'अत्ते' म्हणते. "अत्ते, डोन्ट वरी, मी वेबसाइट करते," असं म्हणून तिनं पान मांडलं आणि माझा जन्म झाला. जन्मतःच मला नटवलं हो! 'प्रीमियम, एक्सक्लुझिव्ह, नंबर वन ब्रायडल कलेक्शन.' मला माझीच लाज वाटली. त्या एवढ्याशा खोलीत कलेक्शन कसलं आणि नंबर वन कुठला!

आम्ही घरात तिघं. थोरले कीवर्डकाका, लोक शोधतील ते शब्द पोटात बाळगणारे. एके काळी त्यांचा काय रुबाब होता! पण लोकांनी त्यांच्या पोटात इतकं खोटंनाटं कोंबलं, की मोठ्या सर्च इंजिनांनी त्यांचं ऐकणंच सोडून दिलं. आता बसून असतात बिचारे. मधला मी. माझ्यामुळे पान रांगेत वर चढत नाही, हे खरंय. दिसलं तर त्याची ओळख करून देणं एवढंच माझं काम, आणि तेही सर्च इंजिनच्या मनात असलं तर. नाहीतर ते माझी ओळ बाजूला सारून पानातलीच दुसरी उचलतं. आणि धाकटा रोबोट्स, आमचा रखवालदार. हा बोलतो कमी, पण याचा शब्द सगळे पाळतात.

पान तयार झालं नेमकं पितृपंधरवड्यात. गंगव्वानं हातच जोडले. "बाई गं, पितरांच्या पंधरवड्यात नवं दुकान उघडायचं न्हाई. मुहूर्त दसऱ्याचा!"

"सरी अत्ते, दसऱ्याला तर दसऱ्याला," म्हणत प्रणितानं पान इंटरनेटवर चढवलं, पण रखवालदाराच्या हाती 'नो-इंडेक्स' ही आज्ञा दिली. म्हणजे पान आहे तिथे आहे, फक्त शोधणाऱ्या कुणाला दाखवायचं नाही.

मग आला दसरा. आदल्या दिवशी आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, घरातल्या सगळ्या अवजारांबरोबर लॅपटॉपलाही मान! हळद-कुंकू लागलं, झेंडूची माळ चढली, स्कूटरच्या चाकाखाली ठेवलेल्या लिंबाच्या जोडीनं एक लिंबू लॅपटॉपपुढेही आलं. दुसऱ्या दिवशी मुहूर्तावर नारळ फुटला. "उघडलं गं बाई दुकान!" गंगव्वाचे डोळे भरून आले. सगळं झालं. फक्त रखवालदाराला "बाबा रे, आता बाजूला हो" असं कुणी म्हटलंच नाही.

मी आतून ओरडत होतो, पण टॅगाचा आवाज कुणाला ऐकू जातो? नवी पानं टिपत फिरणारा सर्च इंजिनचा दूत आला, धाकट्यानं आज्ञा दाखवली आणि दूत गुपचूप परत गेला.

दिवाळी आली तरी फोन वाजेना. प्रणिता कासावीस झाली. कीवर्डकाकांच्या पोटात आणखी शब्द कोंबले. काका म्हणाले, "पोरी, मला ढेकर येतोय!" मलाही रोज नवा झगा. पाहुण्यांमधला एक शहाणा तर सांगून गेला, "मेटा टॅगला आजकाल कोण विचारतं?" त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

फोनची वाट बघत प्रणिता सासूजवळ बसायची आणि बसल्या बसल्या ओवायला शिकायची. तिची गाठ सुटायची, मोती घरभर पळायचे. गंगव्वा म्हणायची, "स्वल्प दम धर. दोरा ओढायचा न्हाई, त्याला येऊ द्यायचं." एका दुपारी गंगव्वा मान खाली घालून म्हणाली, "माझं काम जुनं झालं न्हवं? म्हणून कोण येत न्हाई."

प्रणिता उठली, लॅपटॉप उघडला आणि माझ्या अंगावरचे सगळे दागिने पुसून टाकले. मग मराठीत लिहिलं, 'मुंडावळ्या, दोघांचं कपाळ मोजून. दुकान हललंय, गंगव्वाचे हात तेच.' काय सांगू तुम्हाला! पहिल्यांदाच मला अंगात माझे स्वतःचे कपडे असल्यासारखं वाटलं.

तुळशीचं लग्न तोंडावर आलं. रविवारी महांतेश खोकी घेऊनच घरी आला. प्रणिताला रडू फुटलं. "मी सगळं केलं हो! हे बघा, एकेक लाइन बघा!" तिनं आमचं अख्खं घर त्याच्यासमोर उघडं केलं.

महांतेश वाचत गेला. माझ्यापाशी थांबला, पुन्हा वाचलं. मग धाकट्यापाशी आला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. कळलं होतं त्याला! गप्प राहिला असता तर होसकोट्याचं त्याचं घर पक्कं होतं. त्यानं आईकडे पाहिलं. गंगव्वा शेवटची ओवणी असल्यासारखी एकेक मोती ओवत होती. माझा तर जीव टांगणीला लागला.

"प्रणिता," तो हळूच म्हणाला, "हे 'नो-इंडेक्स' म्हणजे दार बंद, असंच ना?"

प्रणितानं कपाळावर हात मारला. "अय्या! मुहूर्ताला नारळ फोडला आणि कडी काढायलाच विसरले!"

आधी महांतेश हसला, मग गंगव्वा. रखवालदार हटला आणि महांतेशनं खोकी माळ्यावर टाकली. "तुळशीचं लग्न राहू दे, नाताळपर्यंत बघू," म्हणाला.

सर्च इंजिनचा दूत पुन्हा यायला काही दिवस गेले. मग एका सकाळी जयनगरच्या प्रतिमाबाई लेकीला घेऊन दारात उभ्या. "अहो, किती शोधलं तुम्हाला! माझ्या लग्नातल्या मुंडावळ्या तुमच्याच. जुनं शटर बंद पाहून वाटलं, संपलं सगळं. मग मोबाइलवर हे दिसलं." आणि त्यांनी मला मोठ्यानं वाचलं, "दुकान हललंय, गंगव्वाचे हात तेच."

गंगव्वाची शाळा कानडी. मराठी तिला बोलता येतं, वाचता येत नाही. माझ्यात काय लिहिलंय ते तिला कुणी सांगितलंच नव्हतं. हातातला दोरा तसाच राहिला. "हे तू लिव्हलंस?" तिनं सुनेला विचारलं.

"हो अत्ते. चुकलं का?"

"चुकलं की! ह्या मोत्यांतले निम्मे तू ओवलेस. तुझे हात कुठं गेले? लिही, 'आणि सुनेचेही'."

तेव्हापासून मी तसाच आहे. होसकोट्याचं नाव आता रविवारी निघतं, तेही हसण्यावारी. माझी ओळ कधी दिसते, कधी नाही. मेटा टॅग मोठा नाही, हे मला मान्य आहे. तरी मंडळी, माझ्यात दोन शब्द लिहायची वेळ आली, तर नंबर वन वगैरे नका लिहू. तुमच्या माणसाबद्दल खरं असेल ते लिहा. आणि हो, मुहूर्त झाला की कडी काढा!

आता नवं गिऱ्हाईक आलं की गंगव्वा आधी माप घेत नाही. म्हणते, "मोबाइलवर आमचं काय लिव्हलंय, वाचून दाखवा की जरा." तिला मी केव्हाचा पाठ आहे. तरी ती शेवटच्या शब्दापर्यंत ऐकते आणि सुनेकडे बघते.