कोरड्या नमुन्याचा डाग

बाळंतपणाच्या सात महिन्यांच्या रजेनंतर मी प्रयोगशाळेत परतले, तेव्हा माझ्या जीवाणूंना दुसरी आई मिळाली होती.

हे हिरवट जीवाणू उन्हावर जगतात आणि वर्षभर कोरडे पडले तरी मरत नाहीत. त्यांच्या पेशीच्या आवरणात असं काय असतं, हा माझा चार वर्षांचा प्रश्न. माझ्या जागी आलेल्या नव्या मुलीने तो म्हणे सहा आठवड्यांत सोडवला.

"ताई, बघा ना!" तिने पांढरा थर दिलेली काचेची पट्टी पुढे केली; पेशींतला प्रत्येक स्निग्ध पदार्थ तिच्यावर वेगळा डाग देतो. वाळवलेल्या नमुन्यात एक पिवळा डाग जास्तीचा होता. म्हणजे एक नवा स्निग्ध पदार्थ. माझ्या जुन्या, ओल्या नमुन्यांत तो कधीच दिसला नव्हता.

"शोधनिबंधावर हिचं नाव पहिलं, तुझं दुसरं," प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या. "तुझं लक्ष आता घरीच असायचं." हसत म्हणाल्या, पण मला ते झोंबलं.

मग कचऱ्याच्या डब्यात तिच्या नळ्या दिसल्या. प्लास्टिकच्या! स्निग्ध पदार्थ काढायला वापरतात त्या क्लोरोफॉर्मने प्लास्टिकमधलं काहीबाही विरघळतं आणि त्याचाच डाग पडतो. मी कायम काचेच्या नळ्या वापरायचे. मनातल्या मनात गुदगुल्या झाल्या. कोणाला काही बोलले नाही.

"आज स्वारी खुशीत!" संध्याकाळी घरी नवरा म्हणाला.

"उद्या लवकर जाते. बाळाला तू बघ."

"कोणाचं नाक कापायला?"

बाळाच्या कपाळाला दोनदा हात लावून पाहिला. ताप असता तर जावं लागलं नसतं.

सकाळी तिचाच वाळवलेला नमुना घेऊन सगळं काचेत केलं. दुपारी डाग दिसावेत म्हणून पट्टी आयोडीनच्या बरणीत ठेवली. उमटू नकोस रे बाबा, उमटू नकोस.

उमटला. त्याच जागी.

"ताई, माझाच प्रयोग परत करताय?" ती दारात उभी होती.

"तू प्लास्टिकच्या नळ्या वापरल्यास."

"अगं बाई! मग... गेलं सगळं?" तिचे डोळे भरले.

पट्टी माझ्या हातात होती आणि माझी पाठ तिच्याकडे. आयोडीनचा डाग हवेत टिकत नाही. थोडा वेळ नुसती गप्प राहिले असते, तरी चाललं असतं.

मी पेन्सिल घेतली आणि डाग उडून जाण्याआधी त्याभोवती गोल काढला. इतका दाबून, की पांढरा थर खरवडला गेला.

"काचेतही येतो," म्हणाले. "पण पुढच्या वेळी आधी मला विचारायचं. कळलं?"