काठावरचा घास

"हा माधवाचा."

ताटाच्या काठाशी भाताचा शेवटचा घास सारत विश्रामदादा म्हणायचा. आवाज जाड, जरासा नाकातला. मग सात वर्षांचा माधव सरकत सरकत दादाच्या मांडीशी यायचा. स्वतःचं ताट भरलेलं असो की रिकामं, त्या घासाची चव निराळीच. नवी नवरी पद्मावहिनी चुलीपाशी हसायची. "भावजी, तुमच्या लाडापायी ह्यांनी अर्धपोटी उठायचं का?"

त्याच वर्षी दादा लष्करात कंपाउंडर म्हणून सिंगापूरला गेला. सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं आणि दादाची खबर थांबली. वहिनीचं कुंकू थांबलं नाही.

सासवडच्या उन्हातलं ते कुंकू आज कॅनबेराच्या जूनमधल्या थंडीत, लोकरी शालीवर उठून दिसत होतं. साल १९७६. वहिनी दिराकडे दोन महिने राहायला आली होती, आणि आज वटपौर्णिमा होती.

"तुमच्या ह्या मुलखात वड नाही?"

"थंडी फार पडते, वहिनी. कागदावर काढून देऊ?"

"कागदाचं झाड, कागदाचं आयुष्य. नको. तो परसातला चालेल." तिने गम-ट्रीकडे, तिथल्या निलगिरीकडे, बोट केलं. झाडाची साल पट्ट्यापट्ट्यांनी सुटून लोंबत होती. "अंगावर धड कापड नाही बिचाऱ्याच्या. पण उभा आहे."

माधव सकाळीच रेडिओवर बोलून आला होता. युनिव्हर्सिटीत तो जपानचं राजकारण शिकवायचा. येत्या बुधवारी टोकियोत ऑस्ट्रेलिया आणि जपानचा मैत्रीचा करार व्हायचा होता. विमानखरेदीतल्या लाचखोरीने टोकियोतलं सरकार हललंय, पक्षातलेच लोक पंतप्रधानांना खाली खेचायला निघालेत, मग सही होईल का, असं त्याला विचारलं. होईल, तो म्हणाला. तिथे सही सगळ्यांत शेवटी येते. त्याआधी एकेकाकडे जाऊन, बसून, चहा पिऊन मनं तयार केलेली असतात. त्यांना इथलं लोखंड हवंय, कोळसा हवाय. आपल्याला गिऱ्हाईक हवंय. युद्धाची जखम आता भरून आली आहे.

हे शेवटचं वाक्य बोलताना जिभेला खडा लागल्यासारखं झालं होतं.

"रेडिओवर काय बोललात हो?" वहिनी सुताची गुंडी उलगडत होती.

"हेच. दोन्ही देश जुनं विसरून..."

"कोण विसरलं?" तिने वर पाहिलं नाही. "पण बरंच झालं म्हणा. दोस्ती झाली की विचारता येईल. तुमची तिथल्या मोठ्या मोठ्या लोकांत ऊठबस. एखाद्या इस्पितळात, कुठल्या तरी बेटावर, नाव-गाव विसरून राहिला असेल माणूस. विचाराल ना, भावजी?"

"विचारतो."

विचारायचं काही उरलंच नव्हतं. पाच वर्षांपूर्वी शेजारच्या क्लाइव्हने कुंपणावर कोपर टेकून, सहज, बिअर पिता पिता सांगितलं होतं. तो सैनिक म्हणून न्यू गिनीत होता. युद्ध संपता संपता त्यांना जंगलात जपान्यांनी सिंगापूरहून नेलेले हिंदी कैदी सापडले, जिवंत, पण नुसती हाडं उरलेले. "एकजण कंपाउंडर होता. विश म्हणायचो आम्ही त्याला. जेवण दिलं की ताटाच्या कडेला एक घास ठेवायचा. म्हटलं, खाऊन टाक, मेट! तर म्हणायचा, माधव. रोज तेच. बोट यायच्या आत गेला बिचारा." मग क्लाइव्हने विचारलं होतं, "तुझंही नाव तेच. तुमचा कुणी देव आहे का?"

"हो," माधव म्हणाला होता. "देव आहे."

दुसऱ्याच आठवड्यात तो वर्षभराच्या अभ्यासासाठी टोकियोला निघाला होता. ज्यांच्या घरी जेवायचं त्यांच्या ताटाच्या काठाकडे नजर जायला नको, एवढंच त्याला तेव्हा वाटलं. परत आल्यावर सांगू. परत आल्यावर वहिनीच्या कुंकवाची सबब सापडली. मन तयार करायला हवं तिचं, तो स्वतःला सांगायचा. टोकियोतला चहा पुष्कळ पिऊन झाला. सासवडला मात्र तो त्यासाठी कधी बसला नाही.

वहिनी झाडाभोवती फिरू लागली. दिवसभराच्या उपासाने पाऊल हलकं पडत होतं. सूत सुटत्या सालीत अडकत होतं, ती हळूच सोडवून घेत होती आणि गुणगुणत होती,

समुद्र आडवा गं, त्याला नाही पायवाट,
कंथ माझा येईल गं, धरून वाऱ्याचा हात.

"काय चाललंय रे?" कुंपणापलीकडून क्लाइव्हचा आवाज आला. "झाड पळून जातंय की काय?"

"उपास आहे वहिनीचा. नवऱ्याला आयुष्य मिळावं म्हणून."

"लकी आहे तुझा भाऊ! माझी बायको मला चहासुद्धा देत नाही. असतो कुठे तो?"

माधव कुंपणापाशी गेला. "युद्धात गेला होता. सिंगापूरला. कंपाउंडर म्हणून."

क्लाइव्हचं हसू ओठांवरच राहिलं. त्याने माधवकडे पाहिलं, झाडाभोवती फिरणाऱ्या त्या बाईकडे पाहिलं, पुन्हा माधवकडे.

"तू देव म्हणाला होतास," तो म्हणाला.



क्लाइव्हने सावकाश डोक्यावरची टोपी काढली, छातीशी धरली आणि वहिनीकडे तोंड करून उभा राहिला. मावळतीच्या उन्हात त्याचं टक्कल उघडं पडलं.

वहिनी थांबली. सुताचं टोक तिच्या बोटांतच होतं. "भावजी, ह्यांनी टोपी का हो काढली? झाडाला की मला?"

माधव तिच्याजवळ गेला. ओल्या गवतात तिच्या पायांशी बसला, सात वर्षांचा असताना चुलीपाशी बसायचा तसा.

"वहिनी, दादा नाही. युद्ध संपलं तेव्हाच गेला, ह्यांच्यासमोर. शेवटपर्यंत ताटात माझा घास काढून ठेवत होता. मला पाच वर्षांपासून ठाऊक आहे."