औकिलानी, घरी ये

सेलाफिना बसमधून उतरली आणि नेमका शंख वाजला.

संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख वाजला की बेटावरच्या या गावात जो तो घरात शिरतो. रस्त्यावर माणूस दिसता कामा नये, दिसलाच तर पंचांचे काठीवाले गडी आहेतच. पण कुत्र्यांना प्रार्थना नसते. तेवढा वेळ रस्ता त्यांचा. बावीस वर्षं ऑकलंडमध्ये काढून सेलाफिना हे साफ विसरली होती, आणि आता नीरफणसाच्या बुंध्याला पाठ लावून, बॅग पोटाशी धरून उभी होती. समोर सात कुत्री होती. ती भुंकत होती, आणि घराघरांतून प्रार्थनेची गाणी येत होती.

पन्नाशी उलटलेली बाई. इस्पितळाच्या धुलाईघरात तीस बायकांची मुकादम. मोठमोठे डॉक्टर तिच्यापुढे आवाज चढवत नसत. पण कुत्रं दिसलं की ती पुन्हा नऊ वर्षांची होई. नऊ वर्षांची असताना आईनं तिला रविवारच्या जेवणाचं ताट घेऊन पाद्रीबुवांकडे धाडलं होतं. पाद्रीबुवांच्या कुत्र्यानं ताटातलं डुकराचं मांस सोडून तिची पोटरी धरली. पाद्रीबुवांचा कुत्रा, त्याला कोण बोलणार? गावानं उलट तिलाच विचारलं, तू पळालीस कशाला?

आईनं तेवढं तसं विचारलं नव्हतं. पोटरी बांधली आणि घरचा कुत्रा त्याच दिवशी भावाकडे देऊन आली. "आजपासून आपल्या घरी कुत्रं नाही," म्हणाली. "निदान आपल्या घरी तरी तुला भ्यावं लागायला नको."

सिएनी म्हातारीनं तो शब्द पाळला. सेलाफिना ऑकलंडला गेली, तिकडेच संसार थाटला, तरी पाळला. दर नाताळाआधी फोन व्हायचा. "येते गं आई, पण गावात कुत्री फार." "आपल्याकडे नाहीत ना! बसपासून घरापर्यंत मी अख्खं गाव काठ्या घेऊन उभं करते." मग कधी मुलांच्या परीक्षा निघत, कधी सासूचं दुखणं, कधी तिकिटाचे भाव. खरं सांगायचं तर कुत्र्यांची भीती खरी होती आणि सोयीचीही होती. यंदा नवरा जाऊन वर्ष झालं, मुलं आपापल्या वाटेला लागली, आणि एका दुपारी चादरींच्या ढिगासमोर तिला आईच्या हाताच्या वासाची अशी काही आठवण आली की तिनं उभ्याउभ्या रजा मागितली. 'येते' असं इतक्या वेळा सांगून झालं होतं की या खेपेस तिनं कुणाला कळवलंच नाही.

प्रार्थना संपल्याचा शंख वाजला. तिनं वाकून दगड उचलला. मारायचा नसतो, नुसता दाखवायचा असतो, एवढं लहानपणचं आठवलं. सहा कुत्री मागे सरली. सातवी एक तांबूस कुत्री होती, एक कान फाटलेला. ती जागची हलेना, सगळ्यांत जास्त भुंकत होती तीच.

आणि तेवढ्यात वरच्या अंगानं हाक आली.

"औकिलानी! ये गं घरी! अंधार पडला!"

आवाज आईचा होता. थोडा फाटलेला, पण तोच. याच आवाजानं आई पूर्वी रोज तिला हाक मारायची आणि ती समुद्रावरून "आले गं आई!" म्हणत पळत यायची. पण औकिलानी? इकडे ऑकलंडलाच औकिलानी म्हणतात. आई संध्याकाळच्या वेळी शहराला का हाका मारतेय, ते तिला कळेना. तोवर तांबूस कुत्रीनं भुंकणं थांबवलं, कान टवकारला आणि ती आईच्या घराच्या दिशेनं पळत सुटली. सेलाफिना दगड घेऊन मागोमाग निघाली.

घर तसंच होतं. उंच जोत्यावर खांब, वर छप्पर, भिंत एकही नाही. आई चटईवर बसली होती आणि तिच्या मांडीवर मान टाकून ती तांबूस कुत्री.

आईनं वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"सेला?" ती म्हणाली. "अगं, कळवलं का नाहीस?" आणि लगेच तिचा हात कुत्रीच्या मानेवर गेला. चोरी पकडली जावी तसा चेहरा झाला तिचा. "मी... मी हिला बांधते हं. बांधते आत्ता."

सेलाफिना पायरीपाशीच उभी राहिली. बावीस वर्षांनी आई हातभर अंतरावर होती आणि पाऊल उचलत नव्हतं.

शेजारून मामेभाऊ लाफाएले धावत आला, त्यामागे त्याची बायको पेनिना. रडणं, मिठ्या, नाकाला नाक लावणं सगळं झालं, पण पायरीच्या खाली. आईला गुडघ्यांमुळे उतरता येईना आणि हिला चढता येईना. शेवटी पेनिनानं तोडगा काढला. तिनं घराच्या एका टोकाला मच्छरदाणी टांगली, कडा चटईखाली खोचल्या.

"चला ताई, आत शिरा. भिंत नाही तर नाही, जाळी आहे. डासही नाही, कुत्राही नाही!"

अशी सेलाफिना माहेरी आली. दिवसाढवळ्या मच्छरदाणीत. दोन दिवस गावातल्या बायका तिला बघायला येत होत्या आणि पदार्थ जाळीखालून आत सरकवत होत्या.

"काय गं सिएनी, ऑकलंडहून मासळी आणलीस वाटतं जाळ्यात!"

"मोठी आहे हो," आई म्हणायची. "बावीस वर्षांनी लागली."

सगळे हसायचे. सेलाफिनाही हसायची. पण आई जाळीच्या बाहेर होती. गुडघ्यांवर रांगता येत नसल्यामुळे तिला आत येता येत नव्हतं. ज्या हातांसाठी ती समुद्र ओलांडून आली, ते हात समोर दिसत होते आणि कुत्रीच्या पाठीवरून फिरत होते. सेलाफिनाला कुत्रीची भीती वाटत होतीच, आता हेवाही वाटायला लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं जाळीतूनच विचारलं, "कधी आणलीस ही?"

आईनं नारळाच्या झावळीची पात विणता विणता उत्तर दिलं. "चार वर्षं झाली. त्या नाताळात तू नक्की येते म्हणालीस ना? नव्या चटया घातल्या मी. डुक्कर भाजलं. लाफाएलेनं रस्त्यावर पोरं उभी केली काठ्या घेऊन. तीन बसा आल्या, गेल्या." ती थांबली. "तोवर कुत्रं नव्हतंच गं. डुकरांनी दरसाल माझे अळकुड्यांचे वाफे उकरले, कोंबड्या चोरीला गेल्या. लोक म्हणायचे, सिएनीचं घर म्हणजे चोरांचं आजोळ. म्हटलं, असू दे, माझी पोर यायची आहे. त्या नाताळानंतर मात्र लाफाएलेला म्हटलं, दे रे बाबा एक पिल्लू."

"आणि नाव?"

"नाव काय, जे घडलं त्याचंच ठेवायचं." इथे वादळात जन्मलेल्या पोरीचं नाव वादळ असतं, आणि लाफाएलेच्या थोरल्याचं नाव 'बोट चुकली' असं आहे, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. "गाव हसलं थोडे दिवस. पण मला बरं वाटायचं. रोज संध्याकाळी औकिलानीला हाक मारायची, आणि औकिलानी यायची."

आईनं तक्रारीचा सूर लावला नव्हता, त्यामुळेच सेलाफिनाला ते ऐकवेना. तिनं जाळीत तोंड फिरवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी लाफाएले दोरी घेऊन आला.

"आत्यानं बोलावलं," तो सेलाफिनाच्या नजरेला नजर न देता म्हणाला. "हिला वरच्या मळ्यात नेऊन सोडतो. ताई आलीय दहा दिवसांसाठी, ती काय जाळीत बसायला?"

वरच्या मळ्यात सोडलेलं कुत्रं परत येत नाही. तिथे डुकरांसाठी फासे लावलेले असतात. हे तिघांनाही ठाऊक होतं. आईनं स्वतःच कुत्रीची मान पुढे केली. लाफाएले दोरी अडकवत असताना ती कुत्रीचा फाटका कान अंगठ्यानं चोळत राहिली, पुन्हा पुन्हा, आणि बघत मात्र भलतीकडे होती. असाच सेलाफिनाचा कान चोळून ती तिला झोपवायची.

सेलाफिना मच्छरदाणीतून बाहेर आली. कशी आली ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"लाफाएले, सोड तिला."

"अगं पण ताई..."

"सोड म्हणते ना! मी जाणार आहे आठवड्यानं. तिला नेलंस तर आई हाक कुणाला मारील?"

लाफाएलेनं आत्याकडे पाहिलं, दोरी काढली आणि गेला. सेलाफिना खांबाला टेकून बसली. आई, मग कुत्री, मग दोन हात मोकळी चटई, मग ती. त्या दिवशी तेवढंच जमलं. चौथ्या दिवशी ती कुत्रीच्या बाजूनं न बसता आईच्या पलीकडून बसली आणि आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. खोबरेल, लाकडाचा धूर, घाम. तोच वास होता. त्यात आता थोडा कुत्रीचाही होता.

सहाव्या दिवशी आईचा हात कुत्रीच्या पाठीवर होता. सेलाफिनानं आपला हात आईच्या हातावर ठेवला. खालचा कुत्रीचा श्वास आईच्या हाडांतून तिला लागत होता. त्यापलीकडे तिची कधी मजल गेली नाही. कुत्रीला तिनं थेट हात लावला नाही, आणि आईनंही आग्रह केला नाही.

जायच्या दिवशी पहाटेची बस होती. लाफाएले बॅग घेऊन बस थांबवायला पुढे गेला. आईनं पायरीच्या वरूनच तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"मला तर येता येत नाही रस्त्यापर्यंत. ही येईल तुझ्याबरोबर. हिला बघून बाकीची जवळ यायची नाहीत."

"पुढच्या नाताळात येते, आई."

"हो," आई म्हणाली. बावीस वर्षं म्हणत होती तसंच म्हणाली.

सेलाफिनानं सवयीनं दगड उचलला आणि निघाली. कुत्री चार पावलं पुढे होती, मध्येच वळून ही येते आहे ना ते बघत होती. नीरफणसाखाली ती सहाही उभी होती, पण एकही भुंकलं नाही. दगड तसाच हातात राहिला. ती बसमध्ये चढली, खिडकीशी बसली. कुत्री खाली उभी राहून वर बघत होती. सेलाफिनाला तिच्याशी काहीतरी बोलावंसं वाटलं, पण कुत्र्यांशी काय बोलायचं असतं हे ती कधी शिकलीच नव्हती.

ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं. आणि वरून हाक आली.

"औकिलानी! ये गं घरी!"

कुत्रीनं कान टवकारला आणि अशी धूम ठोकली की मागे वळूनही पाहिलं नाही.

"आले गं आई!" सेलाफिना ओरडली. उभी राहून, खिडकीतून डोकं बाहेर काढून, नऊ वर्षांची असताना ओरडायची तशी. सगळी बस वळून बघायला लागली.

ड्रायव्हरनं ब्रेकवर पाय ठेवला. "काय हो बाई, उतरायचंय का?"

तिला उतरायचंच होतं.

"नाही," ती म्हणाली. "चला."