तोंकाचे एकतीस

मी आयुष्यभर माणसांचे स्वभाव मोजले. मूल आईला द्यायचं की बापाला, असा प्रश्न कोर्टाला पडला की दोघंही माझ्यासमोर येऊन बसायचे. पाचशे वाक्यं, प्रत्येकापुढे होय किंवा नाही. मग उत्तरांच्या कागदावर मी भोकं पाडलेला पुठ्ठा ठेवायचे आणि भोकांतून दिसणाऱ्या खुणा मोजायचे. एक पुठ्ठा संशयाचा, एक चिडखोरपणाचा, एक कोरडेपणाचा. माणूस मोजायला एवढं पुरतं असं आम्हाला शिकवलं होतं, आणि मी शहाणी, विश्वास ठेवून बसले.

निवृत्त झाल्यावर, मागच्या मार्चमध्ये, जुन्या कपाटातले कागद फाडायला मला बोलावलं. एका कागदावर सहज पुठ्ठा ठेवून पाहिला. तोंका मातेशिच, १९८६. कोरडेपणा अकरा, म्हणजे चारचौघींसारखाच. सोबतच्या माझ्या अहवालात मात्र एकतीस होते. पुठ्ठ्याचं वरचं टोक खाली करून ठेवलं, तर बरोबर एकतीस भरले. वरची बाजू दाखवणारी कोपऱ्यातली लाल खूण तेव्हाच घासून गेली होती, आणि त्या तपासणीच्या दिवशी मी चाळीस कागद उरकत होते. त्या एकतिसापायी सहा वर्षांची मिरेला आईपासून तुटली होती.

त्यानंतर महिनाभर, अगदी भर दुपारीसुद्धा, कोणी दार वाजवलं की मला तोंकाच दिसायची. ओला कोट, आणि मुठीत मुलीचा हातमोजा. शेवटी मीच तिच्या दारात गेले. रियेका शहरात, त्रसाट टेकडीच्या चढावर तिची दोन खोल्यांची जागा आहे. आता सत्तरीची आहे. तिने ओळखलं आणि काही न विचारता कॉफी ठेवली.

"चूक माझी होती, तोंकाबाई," मी सांगून टाकलं. "मी पुठ्ठा उलटा ठेवला. तुम्ही तशा नव्हतातच."

कॉफी ओतणारा तिचा हात थांबला नाही.

"अहवाल पाठ आहे मला, डॉक्टरबाई. 'मुलाला जवळ घेण्याची ओढ नाही.' म्हटलं, शिकलेली बाई, तिला दिसलं असेल. मग मिरेला सुट्टीत यायची तेव्हा मी तिला हातच लावला नाही. आपल्यातलं पोरीला लागायला नको."

"अहो, पण मी सांगतेय ना..."

"आता मिरेला म्हणते, रविवारी नातीला घेऊन येते. सात वर्षांची आहे. मी नको म्हटलंय." तिने कप माझ्याकडे सरकवला. "नुसतं बोलू नका. परत मोजा. नीट आलं तर बोलावते."

प्रश्नांचे नवे कागद आणि तो पुठ्ठा माझ्या पिशवीत होता. दोन तास ती कुठेही न अडखळता खुणा करत गेली. बाहेर बुरा, म्हणजे डोंगरावरून सुटणारा इथला गार वारा, खिडक्या हादरवत होता. मी पुठ्ठा दोनदा तपासून, सुलटा ठेवला आणि मोजलं. एकतीस. पुन्हा मोजलं. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. सदतीस वर्षांपूर्वी जी बाई नव्हतीच, ती माझ्यासमोर उभी राहून कपबशा विसळत होती, आणि तिला मी घडवलं होतं. मला तिची भीती वाटली, आणि त्याहून जास्त माझी.

"किती?" तिने विचारलं.

"अकरा."

"लिहून द्या. सहीनिशी."

चुका केल्या असतील, पण जाणूनबुजून खोटा आकडा मी कधी लिहिला नव्हता. तो लिहिला आणि खाली सही केली. तिने चष्मा लावून कागद दोनदा वाचला, मग फोन उचलला. गॅसचं सिलिंडर मागवावं तसा आवाज होता.

"मिरेला, रविवारी ये. पोरीलाही आण. मी तपासून घेतलंय."

पलीकडचं रडणं माझ्यापर्यंत ऐकू आलं. तोंकाने फोन कानापासून दूर धरला आणि माझ्याकडे पाहिलं.

"रडतेय ती," ती हळूच म्हणाली. "आता काय म्हणायचं असतं?"